नुसती सुपारी

डॉक्टरने पन्नाशी ओलांडली की त्याला दोन व्याधी जडतात. सकाळी फिरायला जायचं आणि भेटेल त्याला फिरण्याचे फायदे सांगायचे, ही पहिली. तिच्यावर उतारा आहे : गुडघे. ते कुरकुरायला लागले की फिरणं थांबतं आणि फायदेही. दुसरी व्याधी शिकवण्याची. तिच्यावर वैद्यकशास्त्राला अजून औषध सापडलेलं नाही. ती झालेल्याला काही त्रास होत नाही, समोर बसलेल्यांना होतो.

मी कॅन्सरचा डॉक्टर. सर्जन नव्हे, औषधं देणारा; आमच्या भागातल्या पेशंटांच्या तोंडी ‘किमोवाला’. जन्म यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातला, दवाखाना नागपुरात. त्यामुळे यवतमाळहून फोन आला की माझ्यातला गाववाला आधी उठून बसतो आणि डॉक्टर मागाहून. या खेपेला फोन तिथल्या मेडिकल कॉलेजचा होता, “सर, फायनलच्या पोरांना कॅन्सरचं बेसिक सांगायचंय. तासभर. जमेल का?”

मी ‘जमेल’ म्हणालो तेव्हा समोरच्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कॅन्सर सगळीकडे आहे आणि त्याचा स्वतंत्र पेपर कुठेच नाही. पेशी बिघडते पॅथॉलॉजीत, तिची गाठ होते सर्जरीत, गर्भाशयमुखाचं गायनॅकवाले बघतात, घशाचं ईएनटीवाले, तंबाखूचं कम्युनिटी मेडिसिनवाले. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला. त्यात वाईट बातमी पेशंटला कशी सांगावी हेसुद्धा शिकवतात. (आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही ते पेशंटांवरच शिकलो, आणि त्यांनी ते सोसलं.) पण हे सगळे तुकडे जोडून कॅन्सर ही नक्की काय भानगड आहे, ते एका बैठकीत सांगायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. ते माझ्या वाट्याला आलं होतं. मी ठरवलं, पोरांना कॅन्सर असा समजावून सांगायचा की नंतर कुणाला तोंड उघडायची गरजच पडू नये.

तयारीला लागलो. ‘बेसिक’ म्हणजे मुळापासून, आणि मूळ शोधायचं तर माणूस थेट ग्रीसला जातो. गाठीच्या फुगलेल्या शिरा पाहून हिप्पोक्रेटिसच्या काळी तिला खेकड्याचं नाव दिलं गेलं, तिथून सुरुवात. मग १७७५ सालचं लंडन : धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो, आणि तो काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने लिहून ठेवलं. त्यानंतर आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत त्यांच्या हाताखाली तयार झालेलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बरने रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये जगाने पहिल्यांदा ऐकलं की औषधाने मुलांच्या रक्ताचा हा कॅन्सर काही काळ का होईना, मागे हटतो. पुढे जनुकं, त्यापुढे हनाहान आणि वाइनबर्ग यांनी २००० साली सांगितलेली कॅन्सरची सहा लक्षणं, २०११ साली त्यात पडलेली भर, आणि शेवटी आयआयटी मुंबई व टाटा हॉस्पिटल यांच्या संशोधनातून आलेली देशी कार-टी उपचारपद्धती. स्लाइड शंभराच्या वर गेल्या तेव्हा बायको म्हणाली, “अहो, पेशंटला तर सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळे होता.”

मी म्हणालो, “पेशंटला परीक्षा द्यायची नसते.”

हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळ. या रस्त्यावर मैलाचे दगड नसते तरी चाललं असतं, इतक्या नेमाने खर्ऱ्याच्या टपऱ्या लागतात. कळंबला चिंतामणीला बाहेरूनच हात जोडले आणि चहाला थांबलो. शेजारच्या टपरीवर एक पोरगा खर्रा घोटत होता. त्याने पन्नीच्या तुकड्यावर सुपारीचा चुरा ओतला, वर तंबाखू भुरभुरली, बोटाने चुना लावला, पन्नी दुमडली आणि मनगटाचा जोर लावून पाटीवर घोटायला लागला. हळूहळू चुरा ओलसर झाला, रंग गडद झाला, आणि एक उग्र, गोडसर वास सुटला. गिऱ्हाईक मोटारसायकलवरून न उतरता हात पुढे करून उभं होतं. विशीतलं असावं. हसलं तेव्हा ओठ हलले, जबडा हलला नाही.

माझा तास यवतमाळला सुरू होणार होता, पण व्याधी उसळली. मी त्या पोराला तिथेच सुनावलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे असलं घोटून विकणं बरं नव्हे, तोंडाचा कॅन्सर आपल्या देशातल्या पुरुषांत पहिल्या नंबरावर आहे, वगैरे. पोरगा घोटत घोटत शांतपणे ऐकत होता. मग माझ्या गालाकडे बघून म्हणाला, “साहेब, तुमी बी सुपारी खाता नं? मंग तुमी तर आपल्याच लायनीतले.”

इथे खुलासा करणं भाग आहे. आमच्या घरात तंबाखू निषिद्ध. बिडी तर लांबच. पण जेवण झालं की वडिलांचा पितळी अडकित्ता निघायचा, भाजक्या सुपारीची खांडं व्हायची आणि मोठ्या माणसांच्या तळहातावर मानाने यायची. तो अडकित्ता पुढे माझ्याकडे आला. खर्रा खाणारे वेगळे, गुटखा खाणारे वेगळे, आणि जेवणानंतर सुपारीचं खांड तोंडात टाकणारे सभ्य लोक वेगळे, अशी वर्णव्यवस्था माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की मी त्या पोराला हसून म्हणालो, “अरे, ही नुसती सुपारी आहे.” आणि गाडीत बसलो.

यवतमाळात सगळं सुरळीत होतं. लाइट गेली नाही, प्रोजेक्टर बंद पडला नाही, माइकने शिट्टी मारली नाही. पैकी एक जरी झालं असतं तर माझी अब्रू वाचली असती. सभागृह भरलेलं होतं, कारण हजेरी होती. पुढच्या रांगेत वह्या, मधल्या रांगेत मोबाइल आणि मागच्या रांगेत झोप, अशी जगभरच्या वर्गांत असते तीच वाटणी.

हिप्पोक्रेटिस पडला. पॉटसाहेब थोडे चालले, पण ते अंडकोश या शब्दामुळे. मग मी वळलो आपल्या माणसांकडे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली एक निबंध लिहिला. माणसांच्या रोजच्या सवयींतून होणारे कॅन्सर त्यात मांडले आहेत. त्यातला एक म्हणजे धोतराचा कॅन्सर. कमरेला करकचून आवळलेलं धोतर, घाम, धूळ, रोजचं घर्षण. कातडी काळी पडते, मग फाटते, जखम भरत नाही आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कॅन्सर उगवतो. पोरं जागी झाली. मी खुलून म्हणालो, “आता धोतर गेलं, त्यामुळे हा इतिहास झाला.”

चौथ्या रांगेतून एक मुलगी उठली. “सर, धोतर गेलं, लुगडं गेलं नाही.”

म्हणजे काय, असं मी विचारलं. तिने सांगितलं की २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन बायकांच्या केसेस छापून आल्या आहेत आणि लिहिणाऱ्यांत वर्ध्याच्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आहेत. एक सत्तरीची बाई, परकराची नाडी आवळून बांधणारी. दुसरी साठी ओलांडलेली; तिने चाळीस वर्षं लुगडं नेसलं, आत परकर नाही, गाठ थेट कमरेवर. दोघींच्या कमरेला न भरणारी जखम आणि जखमेत कॅन्सर. दुसरीच्या जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचलेला. “माझी आजी अजून लुगडंच नेसते,” मुलगी म्हणाली, “कमरेला काळा पट्टा आहे. पेपर वाचल्यावर मी तिला गाठ सैल बांधायला लावली.”

मी त्याच वर्ध्यावरून नुकताच आलो होतो. येताना गाडीत लंडनच्या धुराड्यांची उजळणी करत होतो.

“छान, छान,” मी म्हणालो. शिकवणारा गडबडला की दोनदा ‘छान’ म्हणतो, हे पोरांनाही माहीत असतं.

आता ताबा परत मिळवायचा तर आपल्या मातीतला दृष्टान्त द्यावा, असं ठरवून मी औषधाला न जुमानणाऱ्या कॅन्सरचा विषय काढला. औषध दिलं की गाठ विरघळते, पेशंट पेढे घेऊन येतो, आणि वर्षभराने गाठ परत येते. तेव्हा तेच औषध पाण्यासारखं. का? “बोंडअळी!” मी म्हणालो. “बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरत होती. लाखात एखादी चिवट अळी उरली, तिची प्रजा वाढली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने जिल्हा धुऊन नेला. बोंड वरून चांगलं, आत किडकं. कॅन्सरच्या पेशींचं अगदी असंच होतं.”

दृष्टान्त नेमका होता. जरा जास्तच नेमका. सभागृहातल्या निम्म्या पोरांचे बाप कपाशी लावणारे. क्षणात वर्ग जागा झाला आणि माझ्या हातातून गेला. कुणी नुकसानभरपाईवर बोललं, कुणी कामगंध सापळ्यांवर, कुणी त्या वर्षी फवारणीत विषबाधा होऊन जे शेतकरी-शेतमजूर गेले त्यांच्यावर. मारेगावकडचा एक मुलगा गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. “सर, तवा बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचं बियाणं द्यायचे. ते कडेनं पेरायचं असायचं. तिथं साध्या अळ्या जगतात, चिवट अळीशी जोड्या लावतात, अन् चिवटपणा पसरत नाही. आमच्याकडं कुणी पेरलंच नाही ते, म्हणून बोंबललं. मंग कॅन्सरमध्येही थोड्या साध्या पेशी मुद्दाम जिवंत ठेवल्या तर?”

मी त्याला सांगितलं की हे परीक्षेच्या बाहेरचं आहे.

रात्री घरी येऊन शोधलं. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमधले रॉबर्ट गेटनबी बरीच वर्षं हेच सांगत आले आहेत, आणि तेही शेतातल्या किडींचं उदाहरण देऊन. सगळ्या पेशी मारायच्या नादात तुम्ही चिवट पेशींना रान मोकळं करून देता. त्याऐवजी गाठ निम्मी झाली की औषध थांबवा, वाढली की पुन्हा द्या, साध्या पेशींना चिवट पेशींशी जागेसाठी भांडू द्या. प्रोस्टेट कॅन्सरच्या मोजक्या पेशंटांवर त्यांनी हे करून पाहिलं. नेहमीच्या निम्म्याहून कमी औषधात रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. निबंधाचं साल २०१७. आमच्याकडे बोंडअळी आली तेच. अजून ही पद्धत प्रयोगावस्थेतच आहे, पण मारेगावच्या पोराने ती उभ्या उभ्या मांडली आणि मी ती अभ्यासक्रमाबाहेर हाकलली.

इकडे सभागृहात घड्याळ पळत होतं. बार्शीची स्लाइड आली. खरं तर हिच्यावर तास घालवायला हवा होता. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नंतर शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदा जरी केली तरी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात, हे २००९ मध्ये त्यातून साऱ्या जगाला कळलं. मी ही स्लाइड वीस सेकंदांत उडवली, कारण हिप्पोक्रेटिसने माझी दहा मिनिटं खाल्ली होती.

त्याहून वेगाने गेली ती पुढची : कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींची यादी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या निव्वळ सुपारीला, पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात. हे माझ्याच स्लाइडवर, मीच टाइप केलेलं. मी म्हणालो, “हे तुम्हाला माहीतच आहे, पुढे.”

पुढची स्लाइड माझी लाडकी : ‘पेशंट उशिरा का येतात?’ तिच्यावर पेशंटांची ठरलेली उत्तरं होती. ‘दुखत नव्हतं.’ ‘एवढंसं तर होतं.’ ‘कामातून सवड नव्हती.’ ‘मोठ्या गावी जाऊन दाखवू म्हटलं.’ ‘सुई लावली की पसरतं म्हणतात.’ मी प्रत्येक वाक्य नकला करत वाचलं. हशा पिकला. शेवटचं वाक्य खोटं आहे. तपासणीचा तुकडा काढल्याने रोग पसरतो ही निव्वळ भीती, आणि त्या भीतीपायी जे महिने जातात त्यांत तो खरोखर पसरतो. हे पोरांनी लिहून घेतलं. मला वाटलं, गाडी रुळावर आली. त्याच भरात मी स्लाइड तशीच ठेवून प्रात्यक्षिकाकडे वळलो.

“यंत्र नको, रक्त नको, पैसा नको. प्रत्येकाने आपली तीन बोटं घ्या. तर्जनी, मधलं, अनामिका. एकावर एक उभी धरा आणि समोरच्या दातांच्या मध्ये घाला. गेली पाहिजेत. निरोगी माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं. असं.”

असं म्हणून मी माझी बोटं तोंडात घातली. दोन गेली. तिसरं ओठावर थांबलं.

मी तोंड आणखी उघडायचा प्रयत्न केला. गालात काहीतरी ताणलं गेलं, पण दार जागेवरच. माइक चालू असल्यामुळे माझा ‘अँऽऽ’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचला आणि झोपलेलेही उठले. समोर दीडेकशे पोरं तोंडात तीन-तीन बोटं घालून माझ्याकडे बघत होती.

“बोटं जाड आहेत माझी,” मी म्हणालो.

लुगडंवाली मुलगी पुन्हा उठली. “सर, हिस्टरी घेऊ?”

नाही म्हणायची सोय नव्हती. ‘पेशंट कधीच नाही म्हणत नाही, डॉक्टर विचारत नाही’ हे मीच सुरुवातीला ऐटीत सांगितलं होतं.

“तंबाखू?”

“छे.”

“सुपारी?”

“नुसती. जेवणानंतर एखादं खांड.”

“दिवसातून जेवता किती वेळा?”

“दोनदा.”

“चहानंतर?”

मी घड्याळाकडे पाहिलं. तेही थांबलं होतं.

“रात्री गालात ठेवून झोपता का?” मागून कुणीतरी विचारलं. हा प्रश्न ज्याला सुचला तो पुढे चांगला डॉक्टर होणार, यात मला शंका नाही.

“तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते?”

आता हे कुणाला सांगायचं? गेली काही वर्षं मी घरी मिरचीच्या नावाने शंख करत होतो. हल्लीची मिरचीच वाईट येते, हायब्रीडचा हा परिणाम, असा माझा सिद्धान्त होता. ठेचा बंद केला तो पित्ताच्या नावाखाली. सावजीच्या मटणाला मित्रांना परस्पर पाठवू लागलो. आणि गुपचूप, म्हणजे पुण्या-मुंबईकडची पाणीपुरी, मी फोडून खायला लागलो होतो. अख्खी तोंडात जात नव्हती. गाडीवाल्याला म्हणायचो, “काय राजेहो, पुऱ्या किती मोठ्या करता!” बाकीचे लोक त्याच पुऱ्या अख्ख्या खात होते, हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायला कॅन्सरचा डॉक्टर लागतो, आणि तो नेमका पुरी फोडण्यात गुंतलेला.

मग तपासणी. कुणाच्या तरी मोबाइलचा टॉर्च, पट्टी एका मुलीच्या कंपासमधली. “३१ मिलिमीटर,” तिने जाहीर केलं. गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा. बोट फिरवलं की अस्तराखाली उभे पट्टे हाताला लागतात. “ओरल सबम्यूकस फायब्रोसिस,” वणीचा एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, आणि तोंडी परीक्षेच्या चालीवर सुरू झाला : सुपारीतल्या अरेकोलिनमुळे अस्तराखालच्या पेशी कोलॅजेनचे धागे जास्त विणतात, सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांना घट्ट जखडले जातात आणि शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. १९५२ साली श्वार्ट्झने केनियातल्या पाच भारतीय बायकांत हे पाहिलं, १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडे. केरळात अशा पेशंटांवर १७ वर्षं नजर ठेवली तेव्हा ७.६ टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला.

मी त्याला दहापैकी नऊ दिले असते. पण मी त्या वेळी केस होतो.

“सर, बायोप्सी करायला हवी,” मुलगी म्हणाली.

“अगं, दुखत तर काहीच नाही,” मी म्हणालो.

सभागृहात खसखस पिकली. मला कळेना.

“आणि तसं फार नाहीये. एवढंसं तर आहे.”

हशा वाढला.

“पुढच्या आठवड्यात कॉन्फरन्स आहे, सवड कुठे आहे? नागपूरला गेलो की बघतो की.”

आता लोक बाकं वाजवत होते. मी मागे वळून पाहिलं. पडद्यावर माझी लाडकी स्लाइड तशीच उभी होती आणि पुढच्या रांगेतला एक मुलगा माझं प्रत्येक वाक्य तिच्याशी ताडून वहीत टिक करत होता. पाचातली चार झाली होती. पाचवं, सुई लावली की पसरतं, हे माझ्या तोंडातून गेलं नाही, याचं श्रेय मी वैद्यकीय शिक्षणाला देत नाही. तोंड पुरेसं उघडत नव्हतं म्हणून राहिलं.

बायोप्सी झाली. कुठे केली ते सांगत नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी जिथे गेलो, तिथे केसपेपर काढणारा माझाच जुना पेशंट निघाला. त्याने माझ्या वयाची आणि व्यसनाची चौकशी मन लावून, मोठ्या आवाजात केली. रिपोर्ट आला : फायब्रोसिस आहे, पेशींत बिघाड नाही, सुपारी ताबडतोब बंद, दर काही महिन्यांनी दाखवायचं. आवळलेलं तोंड पूर्वीसारखं होत नाही, पण आणखी आवळणं थांबवता येतं. त्यासाठी आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरून बसायचं आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. रोज सकाळी मी पेपर वाचत तसा बसतो. त्या वेळात मला बोलता येत नाही. बायकोने डॉक्टरांना फोन करून वेळ वाढवता येईल का, असं विचारलं. अडकित्ता तिने अक्रोड फोडायला घेतला.

सुपारी सोडणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. जेवण झालं की जीभ गालात जाऊन रिकामी जागा चाचपते. आजवर पेशंटला ‘सोडून द्या, त्यात काय’ असं मी ज्या चालीत म्हणत आलो, ती चाल आता जमत नाही.

यवतमाळहून विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले. एकाने लिहिलं होतं, ‘विषय खूप मोठा, वेळ कमी.’ दुसऱ्याने, ‘ग्रीस नसतं तरी चाललं असतं.’ तिसऱ्याने, ‘सर ठीक. केस उत्तम.’ पुढच्या वर्षीही बोलावणं आहे. पत्रात विषय दिलाय : तोंडाच्या कॅन्सरची पूर्वावस्था, प्रात्यक्षिकासह. प्रात्यक्षिक कोण, ते लिहिलेलं नाही.

तर वाचकहो, इथवर आलात तर तीन बोटं घ्या. स्वतःचीच, शेजाऱ्याची नकोत. आरशासमोर उभे राहा आणि दातांच्या मध्ये उभी घालून बघा. गेली नाहीत, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा एखादा फोड दोन-तीन आठवडे उलटूनही बरा झाला नसेल, तर मोठ्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग असतो, तिथे केसपेपर काढा. आणि तिथे गेल्यावर ‘नुसती सुपारी’ असं म्हणू नका. ते त्यांनी माझ्याकडून ऐकलेलं आहे.